थंब लागत नाही, मग पायाचा ठसा चालेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. आधारची दुरुस्ती, पेन्शन, पीकविमा, निराधार योजनेचे अर्ज अशी कामं दिवसभर चालू असतात, आणि त्यातलं निम्मं काम एका बोटावर अडतं. गेल्या पावसाळ्यात एक तरुण आला. विजेच्या तारेचा झटका बसून त्याचे दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले होते. खुर्चीत बसून त्याने चप्पल काढली, खांदा हलवून पिशवीतला फोन जमिनीवर सरकवला आणि डाव्या पायाचा अंगठा फोनच्या गोल बटणावर टेकवला. फोन उघडला. मग तो मला म्हणाला, "ताई, फोन मला पायावरून ओळखतो. मग आधारवाले का नाही ओळखत?"

त्याला त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं आणि केंद्रात लोक जे रोज विचारतात, ते इथे लिहिलं आहे.

पायाच्या अंगठ्याला हाताच्या बोटांसारख्याच रेषा असतात का?

हो, अगदी तशाच. हाताची बोटं, तळहात, पायाची बोटं आणि तळपाय या चार ठिकाणची कातडी अंगावरच्या बाकी कातडीपेक्षा वेगळी असते. तिच्यावर उंचवट्यांच्या रेषा असतात आणि घर्मग्रंथींची छिद्रं असतात, पण केस नसतात. आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्यापासून या रेषा घडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. पुढे माणूस वाढतो तशा त्या ताणल्या जातात, पण त्यांची नक्षी बदलत नाही. जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. कारण पोटात असताना कातडीवर आलेला दाब, ताण, वाढीचा वेग अशा बारीकसारीक गोष्टी दोघांच्या बाबतीत सारख्या नसतात.

म्हणजे ओळख पटवायला पायाचा अंगठा शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण लायक आहे. कान, ओठ, नाक यांची गोष्ट वेगळी. तिथे या रेषा नसतातच. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मग फोनला चालतो आणि आधारला का चालत नाही?

दोघांचं काम वेगळं आहे. फोनला एवढंच ठरवायचं असतं की, समोर टेकवलेली कातडी आधी नोंदवलेल्या कातडीसारखी आहे की नाही. ते बोट आहे की पाय, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. २०१३ मध्ये आयफोन ५एस आला, तेव्हा काही दिवसांतच लोकांनी त्यावर मांजराच्या पंजाची गादी नोंदवून फोन उघडून दाखवला होता. रेषा किंवा पोत मिळाला की यंत्र खूश.

आधारला नोंदणीच्या वेळी याहून फार अवघड प्रश्न सोडवावा लागतो: हा माणूस आधी दुसऱ्या नावाने नोंदला गेला आहे का? त्यासाठी एका माणसाचा ठसा देशातल्या सगळ्यांच्या ठशांशी ताडून बघावा लागतो. ॲपलच्या म्हणण्यानुसार एखाद्या परक्या माणसाच्या बोटाने फोन उघडण्याची शक्यता ५०,०००त एक आहे. खिशातल्या फोनला हे प्रमाण ठीक आहे. पण आधार क्रमांक १३० कोटींहून जास्त आहेत. त्याच प्रमाणाने हिशेब केला, तर एका बोटाच्या ठशाला २६,००० 'जुळे' सापडतील. म्हणून तिथे दहाही बोटं आणि दोन्ही डोळे घेतात.

आता पायाकडे वळू. कोणाच्याही पायाचा ठसा त्या साठ्यात नाही. मग तुमच्या पायाचा अंगठा ताडून बघायचा कशाशी? यंत्राच्या काचेवर पाय ठेवला, तरी पलीकडे उत्तर द्यायला कोणी नाही. त्या तरुणाला मी हेच सांगितलं. त्याला ते लगेच कळलं, पण समाधान झालं नाही. त्याचं बरोबरच होतं, कारण 'साठ्यात नाही' हे कारण झालं, न्याय नव्हे.

कायद्यात पायाच्या ठशाला जागाच नाही का?

आहे, आणि गेली शंभर वर्षं आहे. १९२० च्या कैद्यांच्या ओळखीच्या कायद्यात 'मोजमाप' या शब्दात बोटांच्या ठशांबरोबर पायाचे ठसे धरले होते. त्याच्या जागी २०२२ मध्ये नवा कायदा आला. त्यात बोटं, तळहात, पाय, बुबुळ, डोळ्याचा पडदा, सही, अक्षर असं बरंच काही घेता येतं आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ते ७५ वर्षं ठेवू शकतो.

आधार कायदा २०१६ चा. त्यात बायोमेट्रिक माहिती म्हणजे छायाचित्र, बोटांचे ठसे, बुबुळ 'किंवा नियमांनी ठरवलेलं असं दुसरं जैविक लक्षण' असं म्हटलं आहे. म्हणजे दार उघडं ठेवलं आहे. पण नियमांनी पाय आजवर त्या यादीत घातलेला नाही. आरोपीच्या पायाला कायद्याने शंभर वर्षांपूर्वी ओळख दिली आणि हात गमावलेल्या माणसाच्या पायाला अजून दिली नाही, हे मला खटकतं.

बोटांचे ठसे जातात ते नक्की कशाने?

आमच्या केंद्रात मी बघते ती कारणं आधी सांगते. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची बोटं सोड्याने आणि पावडरीने गुळगुळीत होतात. वीटभट्टीवरची, सिमेंटचा गिलावा करणारी, ऊसतोडीवरून परतलेली माणसं येतात. त्यांच्या बोटांवर रेषा असतात, पण इतक्या चिरा पडलेल्या असतात की यंत्राला रेष कुठली आणि चीर कुठली ते उमगत नाही. कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांचं दुखणं आणखी वेगळं. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, काळी पडते आणि सोलून निघते. हंगामात ठसा जवळजवळ नसतोच, हंगाम संपल्यावर महिना-दीड महिन्यात परत उगवतो. वय झाल्यावर कातडी सैल आणि कोरडी होते, उंचवटे बसतात. हे सगळ्यांच्या वाट्याला येणारं आहे.

औषधांनीही ठसे जातात. कॅपेसिटाबीन नावाचं कर्करोगाचं औषध आहे. त्याने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूरच्या ६२ वर्षांच्या रुग्णाची हकीकत छापून आली होती. नातेवाइकांना भेटायला अमेरिकेत उतरला आणि ठसे उमटत नाहीत म्हणून विमानतळावर चार तास अडकला. हे औषध घेऊन परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं, एवढी माझी विनंती.

काही माणसं जन्मापासूनच ठशांविना असतात. स्वित्झर्लंडमधल्या अशा एका कुटुंबाचा अभ्यास करून २०११ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. सीमेवरच्या तपासणीत हमखास खोळंबा होतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला 'इमिग्रेशन डिले डिसीज' असंच नाव ठेवलं.

आता यातली मुद्द्याची गोष्ट. पायाचा ठसा हा या सगळ्यांवर उपाय नाही. कॅपेसिटाबीन पायावरही परिणाम करतं. जन्मतः ठसे नसलेल्यांचे तळपायही गुळगुळीत असतात. कुष्ठरोगात हाताच्या बोटांबरोबर पायाची बोटंही झिजून आखूड होऊ शकतात. भाताच्या खाचरात उभं राहणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात, अनवाणी चालणाऱ्यांच्या टाचांना आणि अंगठ्यांना भेगा पडतात. पाय उपयोगी पडेल तो हात अपघातात गेलेल्यांना. त्यांची संख्या कमी असेल, पण त्यांच्यासाठी तेवढ्याच एका मार्गाचं मोल मोठं आहे.

थंब लागत नाही. यंत्रासमोर काय करून बघायचं?

बहुतेक वेळा ठसा गेलेला नसतो, नीट उमटत नसतो एवढंच. मी क्रमाने हे करते:

आधी यंत्राची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसते. दिवसभरात शंभर बोटांचं तेल त्यावर साचतं आणि आधीच्या माणसाचा ठसा खाली राहतो. मग माणसाला हात धुऊन पूर्ण पुसायला सांगते. कातडी फार कोरडी असेल, तर बोट क्षणभर ओल्या कापडावर टेकवून परत पुसायचं. टोक टेकवू नका, पेराचा मधला भाग सपाट ठेवा. खूप दाबलं की रेषा चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात. म्हाताऱ्या माणसांचा हात थरथरतो, म्हणून मनगटाखाली मी घडी केलेला टॉवेल ठेवते.

आणि मुख्य म्हणजे अंगठ्याचाच हट्ट धरू नका. आधारमध्ये तुमची दहाही बोटं आहेत. घासण्याचं काम अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी होतं, त्यामुळे अनामिका आणि करंगळी बहुधा शाबूत असते. आमच्याकडे एक आजी दर महिन्याला डाव्या हाताची करंगळी पुढे करतात. पहिल्यांदा ती लागली, तेव्हा त्यांनी आधी हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि मग त्या करंगळीकडे. "आयुष्यात हिचा पहिल्यांदाच उपेग झाला," म्हणाल्या.

आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून झोपलं तर कातडी मऊ होते, पण सकाळी साबणाने धुऊनच या.

बोटंच नाहीत किंवा डोळेही नाहीत. आधार मिळतं का?

मिळतं, आणि मिळालंच पाहिजे. याला 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणतात. जी बोटं आहेत ती घ्यायची, नसतील तर फक्त बुबुळं घ्यायची, बुबुळंही देता येत नसतील तर नाव, लिंग, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो यावर नोंदणी करायची. अर्जात कमतरतेची नोंद करून चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा एक फोटो काढतात.

डिसेंबर २०२३ मध्ये केरळातल्या कुमरकोमच्या एका बाईंचं प्रकरण देशभर गाजलं. हाताला बोटं नसल्यामुळे त्यांना आधार नाकारलं गेलं होतं. मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर त्यांच्या घरी जाऊन नोंदणी झाली. त्या वेळी सरकारने सांगितलं की, अशा अपवादाखाली तोवर सुमारे २९ लाख लोकांना आधार दिलेलं आहे. म्हणजे सोय आधीपासून होती. ती माहीत नव्हती समोरच्या ऑपरेटरला. म्हणून केंद्रावर जाताना 'बायोमेट्रिक अपवाद' हे दोन शब्द पाठ करून जा. ऐकलं नाही, तर तिथूनच १९४७ या क्रमांकावर फोन लावा.

रेशन दुकानदार म्हणतो, थंब लागल्याशिवाय धान्य नाही. बरोबर आहे का?

नाही. ठसा जुळला नाही, या एका कारणावरून लाभार्थ्याला परत पाठवू नये, असं आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे. दुसरं बोट, घरातलं दुसरं माणूस, डोळ्याचं यंत्र, मोबाइलवर येणारा ओटीपी, आणि काहीच जमलं नाही तर वहीत नोंद करून धान्य देणं, असे मार्ग आहेत. दुकानदाराशी भांडून उपयोग होत नाही, त्याच्या पॉस मशीनवर त्याचाही हिशेब अडलेला असतो. तहसील कार्यालयात पुरवठा निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतलेल्या अर्जाला उत्तर मिळतं, तोंडी तक्रारीला मिळत नाही, हा माझा अनुभव.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला बोटाशिवाय देता येतो का?

येतो. जीवन प्रमाण ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बोट किंवा बुबुळ लागायचं. नोव्हेंबर २०२१ पासून साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागे उजेड नको, चष्मा काढा. घरातल्या नातवंडाला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. नाहीच जमलं तर कागदी दाखला बँकेत देण्याची जुनी पद्धत बंद झालेली नाही.

जाता जाता एक सांगण्यासारखं. पेन्शनर मेल्यावर भलताच माणूस पेन्शन उचलतो, हीच काळजी विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याला होती. १८७७ मध्ये त्याने बंगालमधल्या हुगळी इथे पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. त्याआधी २८ जुलै १८५८ रोजी जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर ठसा घेतला होता, आणि तो बोटाचा नव्हता. शिक्क्याची शाई लावून अख्ख्या पंजाचा ठसा होता. म्हणजे आज ज्याला आपण 'वेगळा' ठसा म्हणतो, तोच मुळात पहिला. आपल्याकडे पंजाची खूण त्याहून जुनी आहे. मोगल फर्मानांवर बादशहाचा पंजा असे आणि सिंधुदुर्गावर शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आजही दाखवतात. पाटील कागदाखाली नांगराची निशाणी काढत. बोटाचं राज्य फार अलीकडचं आहे.

कानाचा ठसा वापरता येईल का? कान म्हणे प्रत्येकाचा वेगळा असतो.

कानाची ठेवण वेगळी असते, हे खरं. पॅरिसचा पोलीस अधिकारी बर्तियाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरोपींचे फोटो बाजूने काढायचा, ते कान दिसावा म्हणूनच. कॅलिफोर्नियातल्या आल्फ्रेड इयान्नारेली या अधिकाऱ्याने दहा हजारांच्या वर कान तपासून मोजण्याची पद्धत बसवली. २००४ पर्यंत अमेरिकेच्या ग्रीनकार्डाला तीन-चतुर्थांश बाजूचा, उजवा कान दिसेल असा फोटो लागत असे. त्या काळात तिकडे गेलेल्या मराठी माणसांना स्टुडिओत केस कानामागे सारून मान तिरकी करून बसल्याचं आठवत असेल.

पण कानाचा फोटो आणि कानाचा ठसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ इथेच होतो. दाराला किंवा खिडकीला कान लावून कानोसा घेतला, तर काचेवर तेलकट ठसा राहतो. कान कूर्चेचा असतो, लवचीक. किती जोर दिला, कुठल्या कोनातून टेकवला, यावर ठशाचा आकार बदलतो. एकाच माणसाचे दोन ठसे एकमेकांसारखे दिसत नाहीत, मग दोन माणसांचे वेगळे कसे ठरवायचे?

याची किंमत एका माणसाने मोजली. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड इथे एका वृद्ध बाईंचा खून झाला. खिडकीच्या काचेवर कानाचा ठसा सापडला. तज्ज्ञांनी तो एका आरोपीचा असल्याचं सांगितलं आणि १९९८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढे त्याच ठशातून काढलेला डीएनए त्याचा नसल्याचं दिसलं आणि २००४ मध्ये खटला संपला. तोवर त्याची कित्येक वर्षं तुरुंगात गेली होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातही १९९९ मध्ये अपील न्यायालयाने कानाच्या ठशावर उभा असलेला निकाल फिरवला, कारण शास्त्रज्ञांमध्ये त्या पद्धतीला मान्यताच नव्हती.

म्हणून कोणी 'हे अवयव सगळ्यांचे वेगळे असतात' असं सांगून नवं यंत्र विकायला आलं, तर त्याला विचारा: एकाच माणसाचे शंभर वेळा घेतलेले ठसे एकमेकांशी किती जुळतात? वेगळेपणापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

ओठ, जीभ, नाक, बोटांची पेरं?

ओठांवर रेषा नसतात, सुरकुत्यांसारख्या खाचा असतात. १९७० च्या सुमारास जपानमध्ये सुझुकी आणि त्सुचिहाशी या संशोधकांनी त्यांचे प्रकार पाडले. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत त्यावर भरपूर प्रबंध होतात. पण थंडीत ओठ फुटले, लिपस्टिक जाड लागली की ठसा बदलतो. शिवाय रेशन दुकानात एकाच काचेला गावाने ओठ लावायचे, ही कल्पनाच नको. जिभेचंही तेच. नाकाच्या शेंड्याला माणसाच्या बाबतीत नक्षी नसते.

पेरांच्या पाठच्या सुरकुत्या मात्र आशेच्या आहेत. आयआयटी दिल्ली आणि पुढे हाँगकाँगमध्ये काम केलेले अजय कुमार यांनी त्यावर बरंच संशोधन केलं आहे. काम करताना बोटाची पाठ घासत नाही, हा तिचा मोठा गुण. भांडी घासणाऱ्या बाईच्या पेरांची पाठ एकदा निरखून बघा, आतल्या बाजूला काही उरलेलं नसलं तरी तिथली प्रत्येक घडी स्पष्ट असते.

तळहाताच्या नसांचं यंत्र म्हणजे काय?

डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश तळहातावर टाकतात. नसांतलं रक्त तो शोषून घेतं आणि कॅमेऱ्यात नसांचं जाळं काळं उमटतं. कातडी झिजली तरी नसा झिजत नाहीत, आणि काचेला हात लावावाही लागत नाही. जपानमधल्या बँकांनी २००४ पासून एटीएमला ही सोय दिली. २०११ च्या त्सुनामीत लोकांची पासबुकं, कार्डं, घरं सगळं वाहून गेलं आणि स्वतःचे पैसे काढायला हातात कागद उरला नाही. त्यानंतर २०१२ मध्ये ओगाकी क्योरित्सु बँकेने नुसत्या तळहातावर चालणारं एटीएम सुरू केलं. ऊसतोड कामगाराच्या हातासाठी याहून चांगलं तंत्र मला माहीत नाही. पण त्यालाही तळहात लागतो.

बाळ जन्मल्यावर पायाचा ठसा घेतात, तो ओळखीला उपयोगी पडतो का?

फारसा नाही. बाळाचा पाय इवलासा, रेषा अतिशय बारीक, कातडीवर चिकट थर, आणि ते पाय झाडत असतं. केसपेपरवर शाईचं छान पाऊल उमटतं, आई ते जपून ठेवते, पण बहुतेक ठशांत रेषा वाचता येत नाहीत. त्यामुळेच पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारला बोटं-बुबुळं घेत नाहीत, पाचव्या आणि पंधराव्या वर्षी घेतात. आग्र्याजवळच्या दयालबाग इथल्या रुग्णालयात मात्र ठशांचे संशोधक अनिल जैन यांच्या गटाने जास्त बारकाईने टिपणारी यंत्रं वापरून तान्ह्या बाळांच्या बोटांचे ठसे घेऊन दाखवले आहेत. लसीकरणाच्या नोंदीसाठी पुढे ते उपयोगी पडू शकेल.

गायीम्हशींच्या नाकाचं काय?

हे खरंच चालतं. जनावराच्या ओल्या नाकपट्टीवर दाणे आणि खाचा असतात. प्रत्येकाची नक्षी निराळी आणि आयुष्यभर तीच. १९२० च्या दशकापासून शाई लावून कागदावर हे ठसे घेतले जात आहेत. आता फोनच्या फोटोवरून ताडतात. आपल्याकडे बारा अंकांचा पिवळा बिल्ला कानाला मारतात, पण तो तुटतो, कान फाटतो, आणि विम्याच्या वेळी वाद होतो.

असे ठसे चोरीला जाऊ शकतात का?

जाऊ शकतात. २००२ मध्ये जपानचे संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची बोटं बनवून त्या वेळची यंत्रं फसवली होती. २०१८ मध्ये जर्मनीत दोघांनी मेणाचा हात करून नसांचं यंत्रही फसवलं. त्याच वर्षी तेलंगणात जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांचे रबरी ठसे करून सिम कार्डं चालू केल्याचं उघड झालं. दुय्यम निबंधकाकडे आपण उमटवलेला अंगठा असा कोणाच्याही हाती पडू शकतो. २०२३ पासून आधार प्राधिकरण समोरचं बोट जिवंत आहे का, हेही तपासतं. तरीसुद्धा आधारच्या ॲपमधलं बायोमेट्रिक लॉक वापरा. काम असेल तेव्हा उघडायचं, झालं की बंद.

पासवर्ड बदलता येतो, पाय बदलता येत नाही. अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्या लोकांना नवी बोटं कोण देणार? म्हणून हजेरीसाठी एखाद्या कारखान्याने तळहात किंवा चेहरा मागितला, तर माहिती कुठे ठेवणार, नोकरी सोडल्यावर पुसणार का, आणि ज्याला जमत नाही त्याला दुसरा मार्ग काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

चेहरा आहे की! मग बाकी कशाची गरज काय?

चेहराही सगळ्यांना साथ देत नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना बँकेच्या ऑनलाइन केवायसीत 'डोळे मिचकावा' असं सांगत होते, आणि त्यांना पापणी हलवता येत नव्हती. त्यांच्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून केवायसीला पर्याय द्यायचे २० निर्देश दिले. माझ्या मते ठशांच्या या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. अवयव कुठलाही घ्या, कोणीतरी त्यातून सुटणारच. त्याच्यासाठी दुसरं दार ठेवणं ही यंत्र बसवणाऱ्याची जबाबदारी आहे, यंत्रासमोर उभ्या असलेल्याची नाही.

त्या तरुणाचं पुढे काय झालं?

त्याचं आधार अपघाताच्या आधीचं होतं. म्हणजे साठ्यात त्याची दहा बोटं होती आणि अंगाला एकही नव्हतं. आम्ही जिल्ह्याच्या आधार केंद्रात जाऊन कमतरतेची नोंद केली, बुबुळं नव्याने दिली आणि मोबाइल नंबर जोडला. संजय गांधी निराधार योजनेचं काम त्याने चेहरा दाखवून माझ्याच केंद्रात पूर्ण केलं. दोनदा उजेड कमी पडला, तिसऱ्यांदा दारात खुर्ची नेली तेव्हा जमलं.

बँकेचं अडलं आहे. खातं गावातल्या बँक मित्राकडे (बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाकडे) चालतं आणि त्याच्याकडचं यंत्र फक्त बोट घेतं. सोमवारी आम्ही दोघं शाखेत जाणार आहोत. अर्ज लिहून तयार आहे, दोन प्रतींत. सही तो पायाने करतो, पेन अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून, आणि त्या सहीचा नमुना बँकेने नोंदवून घ्यावा अशीच मागणी अर्जात केली आहे.